टेप की लॅपटॉप? आधी पंखा बंद करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरच्या घरी गाणे रेकॉर्ड कसे करावे यावर पुरवण्यांतून हल्ली बरेच छापून येते. त्यातले निम्मे लेख म्हणजे खरेदीची यादी असते आणि उरलेल्या निम्म्यांत टेपच्या आठवणींचे उमाळे. ‘टेपचा आवाज उबदार, कॉम्प्युटरचा कोरडा’ हे वाक्य तर आता म्हणीसारखे झाले आहे. त्याच्या भरवशावर लोक तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची चार ट्रॅकची कॅसेट यंत्रे धुंडाळत जुन्या बाजारात फिरतात. घरी आणल्यावर कळते की आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला आहे.

टेपवर काम करणाऱ्यांच्या हाताला काही सवयी असत. त्यांतल्या काही कॉम्प्युटरवर जशाच्या तशा आणाव्यात इतक्या चांगल्या आहेत, आणि काही आणल्या तर हमखास नुकसान होते. कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, एवढ्यापुरतेच हे पत्र. उदाहरण आपल्याकडचे नेहमीचे घेतो: एक गायक किंवा गायिका, पेटी, तबला, तानपुरा, आणि दहा बाय बाराची खोली.

घरगुती बहुट्रॅक रेकॉर्डिंग स्वस्त झाले ते 1979 साली, टीॲक कंपनीच्या 144 पोर्टास्टुडिओपासून. कॅसेटमधली फीत जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद. साध्या डेकवर तिच्यावर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतात, ‘ए’ बाजूचे दोन आणि कॅसेट उलटल्यावर ‘बी’ बाजूचे दोन. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फितीचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटरवरून 9.5 वर, म्हणजे दुप्पट नेला. वेग वाढला की बारीक, वरचे आवाज नीट उमटतात आणि वेगातला थरकाप कमी जाणवतो. किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. साठ मिनिटांच्या कॅसेटवर अवघी पंधरा मिनिटे मावतात. भावगीताला तेवढी रग्गड झाली, पण विलंबित ख्यालाची बढत अंतऱ्याशी पोचते न पोचते तोच फीत संपते. नव्वदची कॅसेट घातली तर साडेबावीस मिनिटे मिळतात, पण तिची फीत पातळ असते. 120 ची त्याहून पातळ, ती या यंत्रात घालूच नये. ताणली जाते, पिंच रोलरभोवती, म्हणजे फीत ओढणाऱ्या रबरी चाकाभोवती, गुंडाळते आणि मग पेन्सिल घेऊन बसावे लागते.

आणखी एक गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही. ही यंत्रे क्रोम, म्हणजे टाइप दोनच्या फितीसाठी जुळवलेली असतात. साधी टाइप एकची कॅसेट घातली तर तिला गरजेपेक्षा जास्त बायस, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजासोबत दिला जाणारा पूरक प्रवाह, मिळतो आणि वरचा आवाज मरतो. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ गोणपाटाआडून आल्यासारखा येतो. मग लोक त्यालाच ‘उबदार’ म्हणतात.

आता सुराकडे येऊ, कारण आपल्या संगीतात हिशेब तिथेच चुकतो. फितीचा वेग एक टक्क्याने बदलला की सूर सुमारे 17 सेंटने हलतो. दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये 100 सेंट असतात, म्हणजे हा फरक सहावा हिस्सा झाला. तानपुऱ्यावर कान तयार असलेल्या माणसाला तो लगेच खुपतो. पहिल्या दिवशी पेटी आणि तबला टेपवर घेतला, दुसऱ्या दिवशी यंत्र थंड असताना गाणे घ्यायला बसले, तर टेपवरची काळी एक आणि समोरच्या पेटीची काळी एक जुळत नाही. पेटीचा सूर पिळता येत नाही, म्हणून यंत्रावरचे ‘पिच’चे बटण फिरवून टेपच पेटीशी जुळवायची. यासाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पेटीचा नुसता षड्ज तीस सेकंद घेऊन ठेवायची पद्धत होती. पुढे कधीही टेप लावली की आधी तो षड्ज जुळवायचा, मग काम.

ही सवय कॉम्प्युटरवर अवश्य आणा, कारण कॉम्प्युटरचा सूर हलत नाही हा समज अर्धाच खरा आहे. फाइल 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेऊन, केली आणि प्रोजेक्ट 48 वर चालू असताना रूपांतर न होता ती वाजली, तर सूर जवळजवळ दीड पट्टीने चढतो. काळी एकचे गाणे पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लटकते आणि लयही पावणेनऊ टक्क्यांनी पळते. सुरुवातीला षड्ज असला तर ही चूक पाच सेकंदांत पकडली जाते. नसला तर लोक गायकालाच विचारतात, आज पट्टी का बदलली म्हणून. उपाय साधा आहे: पहिल्या दिवशी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) ठरवायचे आणि इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), सॉफ्टवेअर, मोबाइल सगळीकडे तेच ठेवायचे.

मोबाइलवरून आठवले. चित्रीकरण मोबाइलवर आणि आवाज इंटरफेसवर असे हल्ली सर्रास चालते. दोन्ही उपकरणांची घड्याळे वेगवेगळी. त्यांत दहा लाखात पन्नास भागांचा फरक असला तरी तासाच्या मैफलीअखेर 180 मिलिसेकंदांची तफावत पडते. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी घेऊन ठेवली की आवाज तेवढा ताणून किंवा आवळून बसवता येतो. एकाच टाळीवर भागत नाही, कारण एका टाळीने फक्त आरंभ जुळतो.

टेपची सोडून द्यावी अशी पहिली सवय म्हणजे पातळी चढी ठेवणे. कॅसेटला स्वतःची खरखर असते. नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर दाबणारी सोय, नसेल तर आवाज आणि खरखर यांत पन्नास-पंचावन्न डेसिबलच अंतर उरते, म्हणून काटा शून्यापर्यंत आणि कधी तीनपर्यंत चढवणे भागच असे. जास्त झाले तर फीत हळूहळू भरते, आवाजाचे टोक गोल होते आणि कानाला ते चालतेही. उबदारपणा म्हणतात तो बराचसा हाच. डिजिटलमध्ये शून्य ही कड्याची कडा आहे. तिथे टोक गोल होत नाही, सपाट कापले जाते. त्यातून येणारी करकर पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. म्हणून गायकाला तार सप्तकातली सर्वात जोरकस तान घ्यायला लावायची आणि शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माईकचा आवाज वाढवणारे बटण) ठेवायचा. प्रत्यक्ष गाताना माणूस चाचणीपेक्षा चार-पाच डेसिबल जास्तच जातो, हे धरून चाला.

‘मग बिट वाया जातात’ ही शंका नेहमी येते. एक बिट म्हणजे सहा डेसिबल. बारा सोडले तर दोन बिट गेले, बावीस उरले. इंटरफेसमधला कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग, प्रत्यक्षात अठरा-वीस बिटांपुरताच खरा असतो, आणि घरातल्या शांततेत फ्रीज, पाण्याचा पंप आणि शेजारचा टीव्ही मिळून जो आवाज असतो तो त्याच्याही कितीतरी वर. वाया जाते ते काहीच नाही.

तबल्याचे गणित थोडे वेगळे आहे, आणि इथे टेपवाल्यांनाही चकवा बसे. जुन्या व्हीयू मीटरच्या काट्याला पूर्ण हलायला 300 मिलिसेकंद लागतात. ‘ना’ किंवा ‘तिट’चा आघात त्याच्या किती तरी आधी होऊन संपलेला असतो. काटा उणे सहा दाखवतो तेव्हा खरे शिखर दहा-बारा डेसिबल वर जाऊन आलेले असते. म्हणून टेपवर तबला नेहमी काट्याला खाली ठेवून घेत. त्यात डीबीएक्स नॉइज रिडक्शन चालू असेल तर वेगळाच त्रास. ही पद्धत रेकॉर्ड करताना आवाजाचा चढउतार निम्मा करते आणि वाजवताना परत दुप्पट करते. त्यामुळे फितीवर कुठे दोन डेसिबलची उतार आली तर ती चारची होऊन ऐकू येते. एकट्या डग्ग्याच्या घुमाऱ्यामागे खरखर श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. कॉम्प्युटरवर हे सगळे संपले, आणि त्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही.

मात्र चार ट्रॅकच्या तंगीने एक शिस्त लावली होती. तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे, मिसळताना एखादे वाद्य थेट वाजवून त्यातच घालायचे. मग रिकाम्या झालेल्या तिनांतले दोन भरून तिसऱ्यावर, पुन्हा एक थेट. असे करत चार ट्रॅकवर दहा भाग बसवता येतात: चार, तीन, दोन आणि एक. दर उतरवणीला खरखर वाढते आणि वरचा आवाज झिजतो, म्हणून मंजिरी, टाळ, झांज अशी चकचकीत वाद्ये शेवटी. महत्त्वाचे असे की एकदा उतरवले की मागे फिरणे नाही. पेटी मोठी झाली तर ती मोठीच राहणार. त्यामुळे लोक तालमीतच पातळ्या ठरवून येत. कॉम्प्युटरवर एकाच ठुमरीचे सतरा टेक साठतात, कोणता घ्यायचा हे ठरवायचे उद्यावर जाते, आणि तो उद्या येत नाही. टेक तीनच्या वर न्यायचे नाहीत, आणि प्रत्येकानंतर तिथल्या तिथे ऐकून नको असलेला खोडून टाकायचा. ही टेपची सवय कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त कामाची आहे.

जोडकामात कॉम्प्युटर उजवा, पण आपल्या संगीतात त्याला एक खोच आहे. ती खोच म्हणजे तानपुरा. गाण्याच्या माईकमध्ये तानपुरा शिरला असेल तर कापलेली प्रत्येक जागा ऐकू येते, कारण तारांची गुंजन कापल्या ठिकाणी एकदम उडी मारते. श्रोत्याला नेमके काय झाले ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. यासाठी गाताना तानपुरा हेडफोनमध्ये द्यायचा आणि तो वेगळ्या ट्रॅकवर सलग, एकाच टेकमध्ये शेवटपर्यंत घ्यायचा. मग गाणे कुठेही सांधा, खालची गुंजन अखंड राहते. सांधा समेवर घ्यावा, डग्ग्याच्या आघाताच्या किंचित आधी, पाच ते दहा मिलिसेकंदांचा तिरपा जोड देऊन. आघात जोड झाकतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत. उघड्या पाठीचे असतील तर तानपुरा पुन्हा माईकमध्ये येतो आणि सगळी मेहनत फुकट.

मेट्रोनोम आणि सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर याबद्दल थोडक्यात. चीजेची लय वाढत जाते, ती वाढायचीच असते. तिला मेट्रोनोमच्या ठोक्यांच्या चौकटीला बांधले तर ती मरते. सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर सहसा बारा पट्ट्यांच्या हिशेबाने चालते. मींड म्हणजे त्याच्या लेखी चूक, आणि ती ते इमाने इतबारे सुधारते. भीमपलासातला कोमल गंधार असा सुधारून ऐकावा, म्हणजे पुन्हा वापरायची इच्छा होत नाही.

कॉम्प्युटरचा खास स्वतःचा दोष म्हणजे उशीर. माईकमधून आत गेलेला आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून हेडफोनात येईपर्यंत वेळ जातो. 48 किलोहर्ट्झवर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तितक्या नमुन्यांचा गठ्ठा, 128 ठेवला तर एका दिशेला 2.7 मिलिसेकंद, 256 ला 5.3. 128 वर जाणे-येणे आणि कन्व्हर्टर धरून आठ-दहा होतात. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद म्हणजे तबलजी अकरा फुटांवर बसल्यासारखे. चालून जाते. पण बफर 1024 वर राहिला असेल तर जाण्या-येण्याचे चाळीसच्या वर होतात आणि गायक लयीत मागे ओढला जातो. कारण कळत नाही, वाद मात्र होतो. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण असते. ते दाबले की स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात येतो. मग सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करायला विसरायचे नाही, नाहीतर दोन आवाज एकावर एक येतात आणि माणूस पिंपात गातोय असे वाटते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घाला. तो नसेल तर बफर कमी करताच टकटक, फटफट सुरू होते.

आता घरघर. टेप असो की लॅपटॉप, 50 हर्ट्झची घरघर आपल्या वायरिंगमधून येते. लॅपटॉपचा अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घरघर थांबली तर दोष अडॅप्टरचा. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करावे. नाही थांबली तर सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, म्हणजे अर्थिंगचे दोन रस्ते होत नाहीत. थ्री-पिनची वरची पिन काढून घरघर घालवणारे महाभाग अजून आहेत. ते जिवाशी खेळत आहेत, हे स्पष्ट लिहायला हवे. झीं असा बारीक, टोचरा आवाज येत असेल तर तो पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा दिव्याच्या डिमरचा. बटण बंद केल्याशिवाय तो जात नाही.

आणि पंखा तर बंदच हवा. त्याचा वारा माईकवर गडगडतो तो एक भाग. दुसरा असा की पाती आवाज परतवतात आणि लांबवलेल्या स्वरात एक कंप येतो, जो गायकाचा नसतो. मे महिन्यात हे सोपे नाही, हे मान्य. अर्ध्या तासाचे टप्पे करावेत, मधे पंखा लावावा. तेवढ्यात पेटी आणि तबलाही तपासून होतो, कारण घामट हवेत तबल्याचे चामडे आणि वादी दोन्ही सैल पडतात.

खोलीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण यादीवाल्या लेखांत ती कधीच नसते. दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्या तीन मापांना तीन खालचे स्वर आपोआप घुमतात: बारा फुटांना सुमारे 47 हर्ट्झ, दहा फुटांना 57, उंचीला 60. शेवटचे दोन जवळजवळ येतात, म्हणून त्यांची दुप्पट जिथे पडते त्या 115-120 च्या आसपास डग्गा फुगतो. कोपऱ्यात तबला ठेवला तर आणखी फुगतो. खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवला तर काही स्वर पोकळ होतात. मधल्या बिंदूपासून दोन-अडीच फूट सरकून, लांबीकडे तोंड करून बसणे बरे.

भिंतींना पडदे लावून खोली ‘साउंडप्रूफ’ होते, असे ऐकवले जाते. होत नाही. पडदा फक्त वरचा आवाज खातो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि रेकॉर्डिंग मंद आणि घुमटासारखे येते. आवाज शोषणारी वस्तू त्याच्या लहरीच्या चौथाईइतकी जाड लागते. 100 हर्ट्झची चौथाई म्हणजे 86 सेंटिमीटर. ते घरात शक्य नाही. पण चार इंची कापसाची गादी भिंतीला न चिकटवता, वीतभर अंतर सोडून उभी केली की ती पार मधल्या स्वरांपर्यंत काम करते, आणि गळ्याचा कर्कशपणा व खणखण बहुतेक तिथेच असते. अशा दोन गाद्या गायकाच्या पाठीमागे कोपऱ्यात ‘व्ही’सारख्या, तिसरी बाजूला. समोर नाही, पाठीमागे. कारण माईक गायकाकडे बघत असतो, म्हणजे त्याच्या पाठीमागची भिंत माईकला समोरून दिसते. खाली फरशी असेल तर सतरंजी आणि वर गोधडी. कपड्यांनी भरलेले कपाट उघडे ठेवले तर तेही शोषते, आणि फुकट. एवढे केल्यावर टाळी वाजवून ऐका: टण् असा फडफडता प्रतिध्वनी उरला असेल तर समोरासमोरच्या दोन भिंती अजून उघड्या आहेत.

गायिका गौहर जानने 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे रेकॉर्डिंग करणाऱ्या फ्रेड गैझबर्गपुढे गाणे रेकॉर्ड केले ते हॉटेलातल्या खोलीत. आपल्याकडच्या रेकॉर्डिंगची सुरुवातच स्टुडिओबाहेरची आहे. तेव्हा माईक नव्हता, एक भोंगा होता, आणि पातळी ठरायची ती गायिकेने भोंग्यापासून किती लांब उभे राहायचे यावर. ते गणित आजही बदललेले नाही.

म्हणून माईकचे अंतर. गळ्यापासून एक वीत, साधारण वीस-बावीस सेंटिमीटर. चार बोटांच्या आत गेले की एकाच दिशेने ऐकणाऱ्या माईकमध्ये खर्ज फुगतो आणि खर्जातले स्वर गुदमरतात. गायक स्वतःच पेटी वाजवत असेल तर माईक स्टँडवरून खाली झुकवलेला असतो, आणि तो थेट पेटीच्या भात्याकडे बघतो. पेटीच गाण्यापेक्षा मोठी येते. माईक खालून वर, हनुवटीकडे रोखा. अशा माईकची पाठ सर्वात बहिरी असते. ती पेटीकडे गेली की पेटी आपोआप मागे सरकते. तबल्याला एकच माईक असेल तर दोन्हींच्या मध्ये, एक-दीड वीत वर, वादकाच्या समोरच्या बाजूने. दोन माईक असतील तर त्यांच्यातले अंतर, प्रत्येक माईक त्याच्या वाद्यापासून जितका दूर असेल त्याच्या तिप्पट तरी हवे. नाहीतर एकच आघात दोन माईकवर पुढेमागे पोचतो: 34 सेंटिमीटरच्या फरकाने एक मिलिसेकंद, आणि त्याने 500, मग 1500 हर्ट्झ कापले जातात. आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो, आणि लोक इक्वलायझर फिरवत बसतात.

पावसाळ्यात कंडेन्सर माईक चरचर, फटफट करायला लागला की त्याच्या आतल्या पडद्यावर दमट हवा बसलेली असते. सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात रात्रभर ठेवला की बहुतेक वेळा सुधारतो. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर साधा डायनॅमिक माईक जास्त भरवशाचा. केबलमधून माईकला वीज देणारे 48 व्होल्टचे फँटम बटण कंडेन्सरलाच लागते, आणि ते चालू असताना केबल काढू-घालू नये. हेडफोन लावलेल्या माणसाच्या कानाशी धडाका होतो.

पैसे कुठे घालावे असे कोणी विचारले, आणि लॅपटॉप घरात आहे असे धरले, तर दहा रुपयांतले तीन गाद्या-गोधड्या आणि स्टँडवर, तीन माईकवर, दोन हेडफोनवर, दोन साध्या दोन-इनपुटच्या इंटरफेसवर. सॉफ्टवेअरचे पैसे सुरुवातीला लागत नाहीत. ऑडॅसिटी मोफत आहे आणि घरगुती कामाला पुरते. टेपचे यंत्र ज्यांना हवेच आहे त्यांनी खरेदीच्या बजेटमध्ये नवे बेल्ट, पिंच रोलर आणि हेडची (फितीवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाची) जुळणी मोजावी. दर आठ-दहा तासांनी हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. चुंबकत्व काढायचे असेल तर यंत्र बंद करायचे, डीमॅग्नेटायझर मीटरभर लांब असताना चालू करायचा, हळू जवळ आणायचा, हळूच लांब न्यायचा, आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ असताना वीज गेली तर हेड पहिल्यापेक्षा जास्त चुंबकित होते. भारनियमनाच्या वेळी हे काम काढू नये.

साठवणीत टेप आणि फाइल दोघांचीही खोड ठाऊक हवी. चार ट्रॅक, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ असा एक तास म्हणजे सुमारे दोन गिगाबाइट. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा. प्रोजेक्टची फाइल दहा वर्षांनी उघडेलच असे नाही, वेव्ह उघडते.

शेवटी ज्यांच्या घरात गुरुजींच्या शिकवणीच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट पडून आहेत त्यांच्यासाठी. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. चांगली दिसणारी कॅसेट आधी न वाजवता एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा. फितीमागचा स्पंजाचा तुकडा निखळला असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर फीत दुसऱ्या डबीत घालता येते. डेकच्या लाइन-आउटमधून इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये, हेडफोनच्या भोकातून नाही. ऐकताना डावा-उजवा एकत्र करून हेडशेजारचा जुळणीचा स्क्रू किंचित फिरवा. वरचा आवाज सर्वात स्वच्छ होईल तिथे थांबा. कॅसेटगणिक ही जागा बदलते. डॉल्बी ही खरखर दाबणारी आणखी एक पद्धत; तिने रेकॉर्ड केले असेल तरच डॉल्बी चालू.

एखादी कॅसेट साध्या डेकवर लावल्यावर गाणे निम्म्या वेगाने, सप्तकभर खाली येत असेल, आणि कॅसेट उलटल्यावर तबला उलटा वाजत असेल, तर ती खराब नाही. ती चार ट्रॅकच्या यंत्रावरची आहे. दोन्ही बाजू तशाच 24 बिटवर घ्या, सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचा वेग दुप्पट करा, दुसरी बाजू उलटी फिरवा आणि पहिल्या समेवर दोन्ही जुळवा. डेकचा वेग दोन्ही वेळा तंतोतंत सारखा नसतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा जुळवावे लागेल. आवाज चिरका आणि दाबून धरल्यासारखा येत असेल तर डीबीएक्स लावलेले आहे. मग मात्र डीबीएक्स असलेले चार ट्रॅकचे यंत्र शोधावे लागेल, आणि त्याचा बेल्ट आधी बदलून घ्या.

आपला,
एक वाचक